पासवर्डही दप्तरच
ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची, बदली झाली की नवा माणूस दप्तर ताब्यात घेतो. नमुना 8, नमुना 9, पावती पुस्तकं, प्रोसिडिंग, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या, सगळं यादीबरहुकूम मोजून. लॅपटॉप मात्र यादीत 'एक नग, चार्जरसह' एवढाच राहिला, तर तो उघडायचा कसा? जुन्नरच्या पूर्व भागातल्या निमगाव सावासारख्या गावात संगणक परिचालकानं काम सोडलं आणि पासवर्ड त्याच्यासोबत गेला, तर दाखल्यासाठी आलेल्या माणसाला विनाकारण हेलपाटा पडतो. म्हणून कार्यालयाच्या यंत्राचा पासवर्ड हा दप्तराचाच भाग मानून चार्जमध्ये दिला पाहिजे.

कोणी म्हणेल, आळेफाट्याला दुकानात न्या, उघडून देतील. जुन्या यंत्रांबाबत ते बरंचसं खरं होतं. पण विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आता डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. तिची 48 अंकी रिकव्हरी की नसेल तर दुकानदार फॉरमॅट मारून देईल, आतली माहिती त्याला काढता येणार नाही. आणि ही की बहुतेकदा लॅपटॉप पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केला, त्या खात्यात जाऊन बसते. परिचालकानं स्वतःचा ईमेल टाकला असेल, तर ग्रामपंचायतीच्या कागदांची किल्ली त्याच्या खासगी खात्यात राहते. यात त्या पोराचा दोष नाही. कार्यालयाचं खातं त्याला कोणी काढून दिलेलं नसतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरात सुमारे 85 लाख संगणक बंद पडले, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनाही हीच की शोधत बसावं लागलं. राहिला 'सगळं ई-ग्रामस्वराजवर असतं' हा मुद्दा. हिशोब त्या सरकारी पोर्टलवर असतो, कबूल. पण ठरावांचे मसुदे, कामांचे फोटो, एक्सेलमधल्या याद्या डेस्कटॉपवरच पडून असतात.

खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे: लिहून ठेवलेला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागला तर जबाबदार कोण? म्हणूनच रोजचा पासवर्ड द्यायचा नाही. डिजिटल सहीचा पिन तर मुळीच नाही, कारण सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या त्या सह्यांवर निधी खर्ची पडतो. सहीचं डोंगल आणि पिन दोन्ही परिचालकाच्या हवाली करणं जिथे चालत असेल तिथे ते आजच थांबावं. द्यायचं ते वेगळं ॲडमिनिस्ट्रेटर खातं आणि रिकव्हरी की, सीलबंद पाकिटात, सरपंच आणि अधिकारी या दोघांच्या सह्यांनिशी. अशी सोय नसली की काय होतं ते पाहा: सान फ्रान्सिस्कोत 2008 मध्ये टेरी चाइल्ड्स या अभियंत्यानं शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड वरिष्ठांना द्यायला नकार दिला. त्याला अटक झाली, आणि अखेर महापौरांनी तुरुंगात त्याची भेट घेऊन ते मिळवले. नेटवर्क अडाणी हातात जाऊ नये ही त्याची काळजी खरी असेलही, पण नेटवर्क शहराचं होतं. 2010 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पाकिटाची सोय आधीच असती, तर एका माणसाच्या होकारावर शहर अडून राहिलं नसतं.

पंचायत समितीनं चार्ज यादीत या पाकिटाचा एक रकाना वाढवावा. नव्या अधिकाऱ्यानं ते पाकीट सर्वांसमक्ष फोडावं, त्या खात्यानं लॅपटॉप उघडून पाहावा, पासवर्ड बदलून नवं पाकीट सील करावं आणि मगच ताबा घेतल्याची सही करावी.