‘छान आहे’नंतरचा प्रश्न : कशावरून?



एक साधा प्रयोग करून पाहा. आठवी-नववीच्या वर्गात एखादं चित्र दाखवा किंवा पाच मिनिटांचं गाणं ऐकवा आणि ‘तुम्हांला काय वाटलं ते लिहा’ असं सांगा. वह्या गोळा केल्यावर काय वाचायला मिळेल, याचा अंदाज तुम्हांला असेलच. ‘हे चित्र पाहून मन प्रसन्न होते.’ ‘हे संगीत ऐकून मनाला शांती मिळते.’ ‘कलाकाराने खूप सुंदर कला सादर केली आहे.’ पन्नास वह्यांमध्ये पन्नास मनं एकाच वेळी प्रसन्न! चित्र बदला, गाणं बदला, वर्ग बदला. मन आपलं प्रसन्नच.

यात मुलांचा आळस नाही. त्यांना एक गोष्ट लवकर कळलेली असते, ती म्हणजे या प्रश्नाचंही एक ‘बरोबर उत्तर’ असतं आणि ते चित्रात नसून गाईडमध्ये असतं. मग चित्राकडे पाहायचंच कशाला? गाणं ऐकायचंच कशाला? विषय ओळखायचा आणि त्या विषयाची ठरलेली वाक्यं उतरवायची. दहावीच्या मराठीत कवितेचं रसग्रहण विचारतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तिथे मुद्दे आहेत. मुद्दे चांगलेच आहेत. पण प्रत्येक मुद्द्याखाली तयार वाक्यं पाठ करून आलेल्या मुलाने त्या कवितेचा रस ‘ग्रहण’ केला असं कसं म्हणायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे : संगीत किंवा चित्र याबद्दल मुलाला जे वाटतं, ते त्याचं त्यालाच सांगू द्यावं. पण तिथे थांबू नये. त्याने सांगितल्यावर एकच प्रश्न विचारावा, ‘कशावरून?’ पहिल्या भागाने मुलाचा आवाज राखला जातो, दुसऱ्या भागाने त्याची नजर आणि कान तयार होतात. दोन्ही लागतात. नुसतं ‘तुला वाटेल ते बरोबर’ म्हणून सोडून दिलं, तर तेही शिकवणं नव्हे.

चव दुसऱ्याने सांगून कळत नाही

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ‘रस’ समजावताना स्वयंपाकाचं उदाहरण घेतलं आहे. अनेक मसाले, भाज्या, पदार्थ एकत्र येऊन जशी चव तयार होते आणि जेवणारा ती चाखतो, तसा प्रेक्षक रसाचा आस्वाद घेतो. हे उदाहरण आपल्या वर्गाला फार उपयोगी आहे. आमटीची चव ज्याची त्याने घ्यावी लागते. ‘आमटी रुचकर आहे’ हे वाक्य पाठ करून कोणाला चव कळत नाही.

पण घरी काय होतं, ते आठवा. पाच वर्षांचं पोर म्हणतं, ‘आज काहीतरी वेगळं लागतंय.’ आई विचारते, ‘काय वेगळं? तिखट आहे का? आंबट?’ पोर पुन्हा चाखतं आणि म्हणतं, ‘चिंच जास्त झालीय.’ इथे आईने त्याला ‘तुझं चुकलं, आमटी रुचकरच आहे’ असं सुनावलं नाही. ‘बरं, तुला वाटतंय ना’ म्हणून विषयही संपवला नाही. तिने त्याला पुन्हा चाखायला लावलं. कलेच्या तासाला आपण एवढंच करायचं आहे.

एक चित्र : हातातला दिवा

साडी नेसलेली एक तरुणी एका हातात पेटता दिवा घेऊन उभी आहे आणि दुसरा हात तिने ज्योतीसमोर आडवा धरला आहे, हे चित्र तुम्ही कुठेतरी नक्की पाहिलं असेल. कॅलेंडरवर, नाहीतर मोबाइलवर आलेल्या एखाद्या शुभेच्छेत. चित्राचं नाव ‘ग्लो ऑफ होप’. मूळ जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे. ते काढलं सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी, आपल्याच मुलीला समोर उभं करून.

हे चित्र वर्गात लावलं की नाव सांगू नका, काळही सांगू नका. दोन मिनिटं पूर्ण शांतता ठेवा आणि फक्त बघायला सांगा. दोन मिनिटं मुलांना फार मोठी वाटतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात ‘बघून झालं’ असे चेहरे होतात. त्यानंतर खरं बघणं सुरू होतं.

माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, ‘ती घाबरलेली आहे.’ दुसरा म्हणाला, ‘छे, ती कोणाची तरी वाट बघतेय.’ वाद सुरू झाला. मी विचारलं, ‘कशावरून?’ मुलीने सांगितलं, ‘हात आडवा धरलाय म्हणजे वारा आहे. दिवा विझेल अशी भीती आहे.’ मुलगा म्हणाला, ‘पण चेहरा शांत आहे. घाबरलेल्या माणसाच्या भुवया अशा नसतात.’ मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘सर, आमच्याकडं लाइट गेली की आई अशीच दिवा घेऊन येते. तेव्हा तिची बोटं आतून लाल दिसतात.’

सगळा वर्ग पुन्हा बोटांकडे बघायला लागला. बोटांमधून झिरपणारा तो लालसर उजेड हीच तर या चित्राची करामत आहे. पाण्यात कालवलेल्या रंगांतून चित्रकाराने ज्योतीची ऊब दाखवली आहे. हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं, तर मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं असतं. त्या मुलाने ते स्वतःच्या घरातून आणलं. त्याच्या उत्तरात ‘मन प्रसन्न’ कुठेच नव्हतं, पण तो चित्राच्या गाभ्यापर्यंत पोचला होता.

यानंतर माहिती सांगा. आता ती मुलांना हवी असते. हे चित्र राजा रविवर्म्यांचं आहे असं अनेकजण समजतात, हेही सांगा. रविवर्म्यांचं निधन १९०६ साली झालं आणि हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं आहे. म्हणजे इथे चूक आणि बरोबर दोन्ही आहे. ‘ती घाबरलेली वाटते’ हे चूक ठरवता येत नाही, पण ‘हे रविवर्म्यांचं चित्र आहे’ हे चूकच आहे. वाटणं आणि माहिती यांतला हा फरक मुलांना अशा वेळी नीट कळतो.

एक राग : सुटलेल्या पायऱ्या

संगीताच्या बाबतीत आपण जरा जास्तच बिचकतो. ‘आम्हांलाच रागदारी कळत नाही, मुलांना काय शिकवणार?’ असं अनेक शिक्षक म्हणतात. पण प्रतिसाद घ्यायला रागदारी यावीच लागते असं नाही. ऐकायला मात्र बसावं लागतं.

सातवीच्या वर्गात भूप रागातलं बासरीवादन ऐकवलं होतं. नाव सांगितलं नव्हतं. एका मुलाने लिहिलं, ‘कोणीतरी जिना चढतंय आणि मधली एखादी पायरी सोडून उडी मारतंय.’ वर्ग हसला. पण बघा, त्याने काय ऐकलं होतं! भूप हा पाच स्वरांचा राग. सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. ग नंतर थेट प, ध नंतर थेट वरचा सा. सुटलेल्या दोन पायऱ्या त्या पोराच्या कानाने बरोबर टिपल्या होत्या. त्याला ‘वर्ज्य’ हा शब्द माहीत नव्हता, इतकंच. त्या दिवशी तो शब्द मी फळ्यावर लिहिला, तेव्हा तो समजावून सांगावा लागला नाही.

याउलट ‘भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात’ हे वाक्य आधीच लिहून दिलं असतं, तर सगळ्यांना तो रात्रीसारखाच वाटला असता. पायरी कोणाला दिसली नसती.

हलगी आणि दोन मुलं

आता थोडी अवघड बाजू. मुलाचा प्रतिसाद कधी कधी कलाकृतीतून येतो, कधी त्याच्या आयुष्यातून. हलगीचंच घ्या. जत्रेत हलगी, कुस्तीच्या फडात हलगी, मिरवणुकीत हलगी आणि कित्येक गावांत अंत्ययात्रेलाही हलगी. एक मुलगा म्हणतो, ‘हलगी ऐकली की पाय थांबत नाहीत.’ शेजारची मुलगी हळूच म्हणते, ‘मला नको वाटतं, आजोबा गेले तेव्हा वाजत होती.’

इथे कोण बरोबर? दोघंही. आणि शिक्षकाने तिथल्या तिथे ‘हलगी हे वीररसाचं वाद्य आहे’ असं जाहीर केलं, तर ती मुलगी पुन्हा वर्गात तोंड उघडणार नाही. तिला कळेल की तिचं ऐकणं इथे चालत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. गुण कमी-जास्त होतील, पुढच्या परीक्षेत भरून निघतील. पण ‘मला खरंच जे वाटतं ते सांगायचं नसतं, जे वाटायला हवं ते लिहायचं असतं’ हा धडा एकदा पक्का झाला की तो कलेच्या तासापुरता राहत नाही. ते मूल मोठं झाल्यावरही आपलं मत देण्याआधी इतरांच्या तोंडाकडे बघत राहतं.

तिचं ऐकून घ्या. वाटलं तर पुढचा प्रश्न विचारा, तिला नको असेल तर थांबा. आणि वर्गाला विचारा, जत्रेतला ठेका आणि अंत्ययात्रेतला ठेका यांत तुम्हांला काय फरक ऐकू येतो? लय? दोन आघातांमधलं अंतर? बघा, एका वैयक्तिक दुःखाला न दुखावता वर्ग पुन्हा ऐकण्याकडे वळतो.

‘साठ मुलं, पस्तीस मिनिटं, कसं जमायचं?’

हा आक्षेप खरा आहे, तो उडवून लावता येणार नाही. प्रत्येक मुलाचं ऐकायचं तर वर्ष पुरणार नाही. म्हणून एका तासाला एकच चित्र किंवा एकच गाणं घ्या. दोन मिनिटं बघणं किंवा ऐकणं, तीन मिनिटं गुपचूप लिहिणं, मग चर्चा. आधी लिहिणं महत्त्वाचं आहे, नाहीतर हुशार समजल्या जाणाऱ्या पहिल्या मुलाचं उत्तर सगळ्यांचं होतं. चर्चेत सहा-सात जण बोलले तरी चालेल. पुढच्या वेळी दुसरे सहा-सात.

‘मग गुण कसे द्यायचे?’ हा पुढचा प्रश्न. भावनेला गुण देऊच नका. पाच गुण असतील तर दोन गुण नेमक्या निरीक्षणाला, म्हणजे कलाकृतीतली एखादी ठरावीक गोष्ट दाखवून देण्याला. दोन गुण त्या गोष्टीचा आणि आपल्या वाटण्याचा संबंध जोडण्याला. एक गुण स्वतःच्या शब्दांना. या हिशेबात ‘मन प्रसन्न होते’ला शून्य मिळतं आणि ‘मला हे गाणं आवडलं नाही, कारण तबला इतका जोरात आहे की शब्द ऐकू येत नाहीत’ याला पाचपैकी पाच मिळू शकतात. हो, ‘आवडलं नाही’ हेही उत्तर आहे. थोर कलावंताचं नाव ऐकून मुलाने मान डोलावलीच पाहिजे, असं काही नाही.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुलं मोठ्या संख्येने बसतात, ही चांगलीच गोष्ट आहे. तिथे मूल काय काढतं ते तपासलं जातं. मूल काय बघतं, ते तपासण्याची जागा मात्र आपला वर्गच आहे.

पालकांसाठी थोडंसं

पालकहो, तुमच्याकडे तर वेळापत्रकाचंही बंधन नाही. गणपतीतली आरास, गावातलं कीर्तन, टीव्हीवरचा गाण्याचा कार्यक्रम, प्रवासात लागलेलं जुनं गाणं, काहीही चालेल. फक्त ‘आवडलं का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ येतं आणि बोलणं तिथेच संपतं. जुने रसिक ‘काय जागा घेतली!’ असं म्हणतात ना, तो शब्द उसना घ्या. ‘तुला कुठली जागा आवडली?’ असं विचारा. मुलाला ती जागा शोधायला मनातल्या मनात गाणं पुन्हा ऐकावं लागेल. त्याने शोधली की मग तुमची जागा सांगा. दोन्ही वेगळ्या निघाल्या तर फारच उत्तम, गाणं दोघांनी मिळून परत लावा.

आणि शिक्षक मित्रांनो, येत्या आठवड्यातला एक तास एवढ्यासाठी काढून बघा. फळा कोरा ठेवा, चित्राचं नाव झाकून ठेवा. पहिलं उत्तर बहुधा ‘छान आहे’ असंच येईल. येऊ द्या. त्यानंतर ‘कशावरून?’ विचारा आणि मुलांना जरा वेळ द्या.