उजेडाची वर्दी

दृष्टिपटलाच्या विकाराने अंध झालेले आमचे अण्णा रोज सकाळी गॅलरीत बसत. “दिसत नाही, मग उजेड कशाला?” म्हणून मी त्यांची आरामखुर्ची आतल्या खोलीत हलविली. महिन्याभरात त्यांची झोप पार विसकटली.

मग वाचनात आले: १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या प्रयोगात ११ अंधांच्या डोळ्यांवर प्रखर उजेड टाकला, तेव्हा तिघांच्या रक्तातले मेलॅटोनिन हे रात्रीचे संप्रेरक घटले. २००२ साली उंदरांच्या डोळ्यांतल्या निराळ्या पेशींचा उलगडा झाला. तशा आपल्याही डोळ्यांत असतात. दृष्टी गेली तरी त्या कधीकधी शाबूत राहतात आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देतात.

मी खुर्ची मुकाट्याने गॅलरीत नेली. अण्णा म्हणाले, “उजाडलं वाटतं तुझ्या डोक्यात!”