उतरत्या किमतीचा भार कोणी सोसावा?

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या नोकरदार वर्गाला कर्ज काढण्याचे धाडस सदनिकांच्या बाजाराने शिकविले. तेथे लवकर खरेदी करणारा शहाणा ठरला. थांबला त्याला अधिक पैसे मोजावे लागले. विजेवरील मोटारींच्या बाजाराने हा हिशेब नेमका उलटा केला आहे.

टाटा मोटर्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवरील नेक्सॉनची किंमत १ लाख २० हजार रुपयांपर्यंत, तर टियागोची ७० हजारांपर्यंत उतरविली. बॅटरीचा खर्च घटल्याचे कारण कंपनीने दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सणासुदीच्या निमित्ताने नेक्सॉनवर ३ लाखांपर्यंत कपात जाहीर झाली. उन्हाळ्यात हप्त्यांवर मोटार घेणाऱ्याला शेजाऱ्याने तीच मोटार दिवाळीपूर्वी स्वस्तात आणलेली पाहावी लागली. त्याचा संताप हा निव्वळ मत्सर नव्हे. जुन्या मोटारीचे मोल नव्या मोटारीच्या दराबरोबर उतरते. हप्ता मात्र पूर्वीच्याच किमतीचा राहतो. चीनमध्ये जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने दर उतरविले, तेव्हा आधीच्या ग्राहकांनी दालनांत जाऊन निदर्शने केली होती.

तंत्रज्ञान स्वस्त होणे समाजाच्या हिताचेच आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो जोखमीच्या वाटपाचा. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदार उत्पादकाविषयी एक मर्मग्राही विचार मांडला. तो उद्या दर उतरविणार हे ग्राहकाने ओळखले, की ग्राहक आज खरेदीच करीत नाही. मोजक्याच उत्पादकांच्या या बाजारालाही तो विचार बऱ्याच अंशी लागू पडतो. वारंवार कपात करणारी कंपनी ग्राहकाला थांबण्याचेच शिक्षण देते.

वस्तू भाड्याने देणे किंवा ठरल्या किमतीस परत घेण्याचा करार करणे, हे मार्गही कोस यांनीच दाखविले. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने बॅटरीचे मोल किलोमीटरमागे आकारण्याची योजना आणली, ती याच दिशेची म्हणावी लागेल.

उत्पादनखर्च पुढे किती उतरेल, याचा अंदाज ग्राहकापेक्षा कंपनीला अधिक असतो. तेव्हा खरेदीनंतर ठराविक मुदतीत दर उतरल्यास फरक परत करण्याची लेखी हमी कंपन्यांनी द्यावी. सामूहिक खरेदीचा दीर्घ अनुभव असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी ही मागणी लावून धरावी. नव्या तंत्रज्ञानाला आरंभीच आश्रय देणारा ग्राहक त्याच्या प्रसाराचा खर्च उचलीत असतो. त्या खर्चाचा काही वाटा कंपन्यांनीही उचलणे न्याय्य होईल.