आधी ओळख, मग फवारा

शिरपूरकडच्या शेतकऱ्याला मक्याच्या पोंग्यात अळी दिसली की तो पान खुडून थेट कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठेवतो. अळीचे नाव तिथेच ठरते, औषधही तिथेच. नाव चुकले तरी बाटली खपतेच!

मक्यातली ही पाहुणी बहुधा अमेरिकन लष्करी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. निशाचर पतंगांच्या नॉक्टुइडी कुळातली. जे. ई. स्मिथ यांनी १७९७ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. आपल्याकडे मे २०१८ मध्ये ती शिवमोग्ग्याच्या मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. मोठ्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी खूण असते, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. गंमत अशी की या खुणा ठळक होईपर्यंत अळी पोंग्यात खोल शिरून स्वतःच्या विष्ठेचा बोळा वर बसवते. मग फवारा पोचतो कुठे? पतंग तर मळकट राखाडी, भावंडांत सहज मिसळणारा. खात्री करायची तर जननेंद्रियांची रचना किंवा डीएनए तपासावा लागतो. तिचे मका-वाण आणि भात-वाण तर नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढताच येत नाहीत.

त्यात कपाशीवरच्या ‘अमेरिकन’ बोंडअळीच्या नावाचा घोळ. ती मुळात अमेरिकेची नाहीच. जुन्या जगातली ही हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा २०१३ साली ब्राझीलमध्ये सापडली, तेव्हा तिथे हाहाकार उडाला.

निलगिरीत चहाचा मळा केलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. पतंग ओळखण्याचे काम चहामळेवाल्याला जमले, ते कृषी खात्याला तालुक्यापुरते जमू नये? शिरपूरचेच पाहा. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी इथे आधी जमिनीखालचे थर वाचले, मग नाले खोल केले. म्हणून जलसंधारणाच्या ‘शिरपूर पॅटर्न’चे नाव झाले. किडीच्या बाबतीत मात्र आपण आधी फवारतो आणि मग विचारतो, अळी कोणती होती?

तालुका कृषी कार्यालयात टाचणीला लावलेल्या पतंगांची एक पेटी आणि एक भिंग ठेवावे, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाने ती पेटी भरून द्यावी. शेतकऱ्यांनीही दोन-चार अळ्या पाल्यासह भोकाच्या झाकणाच्या बरणीत जिवंत ठेवून तिथे दाखवाव्यात. बाटली त्यानंतर घ्यावी.