हँडल चढवण्याआधी भोक बघा

आजोबांची फियाट किंवा काकांची ॲम्बॅसिडर हौसेनं पुन्हा उभी करणाऱ्या रत्नागिरीकरांना एक विनंती आहे. रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. अशा गाडीला गंज सपाट पत्र्यावर क्वचितच लागतो. तो लागतो हेडलाइटच्या रिंगेखाली, दाराच्या हँडलमागे, टेललाइटच्या रबराआड आणि बाजूच्या पट्टीच्या क्लिपांपाशी. रंगाला फुगवटा आलेला दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक वेळा पापडासारखा झालेला असतो.

कारण आपला खारा वारा. गाडी मिऱ्या-मांडवीला राहत असो की वर नाचण्याला, अंगावर मिठाचा हात बसतोच. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं, आणि आपल्या पावसाळ्यात ती त्याखाली उतरते तरी कधी? म्हणजे गाडी पडवीत उभी असली, अंगावर थेंब पडला नसला, तरी रबर आणि पत्रा यांच्यातली फट ओलीच. त्यात स्टेनलेसची पट्टी साध्या पत्र्याला टेकली की दोन धातूंची जोडी जमते आणि साधा पत्रा आधी खलास होतो. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर उलट, तीच पांढरी भुकटी होऊन झडते.

तेव्हा गाडी रंगाला देतानाच गॅरेजवाल्याला सांगा, सगळं बाहेरचं सामान उतरवूनच रंग मारायचा. रिंगेभोवती कागदाची पट्टी चिकटवून मारलेला रंग म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. सामान निघालं की प्रत्येक भोकाची कड बोटानं चाचपून बघा. जुना गंज पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढायचा. खड्ड्यात उरलाच तर फॉस्फोरिक ॲसिडचं औषध लावायचं, डब्यावर लिहिलं असेल तेवढा वेळ ठेवायचं, पुसून पूर्ण सुकवायचं. मग एपॉक्सी प्रायमर, तोही बारीक ब्रशनं कडेच्या आतपर्यंत. स्प्रेगनचा फवारा भोकाच्या कडेला नीट धरत नाही आणि खरी उघडी जागा तीच असते. गंजावर लांबी भरून वर रंग मारून देणारे कारागीर भेटतील. त्यांना चहा पाजा, गाडी देऊ नका.

चढवताना जुनं कडक झालेलं रबर परत लावू नका. नवं गॅस्केट, स्क्रूला नायलॉनचं वायसर आणि आट्यांवर थोडं ग्रीस, एवढं पुरे. फटीत सिलिकॉन भरायचंच असेल तर आधी ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सुकताना ॲसिड सोडतं, उघड्या पत्र्यापाशी चालत नाही. दुकानदाराकडे न्यूट्रल सिलिकॉन मागा. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र कशानंही बुजवू नका. उलट वर्षातून एकदा तारेनं साफ करा.

आरे-वारेच्या रस्त्यानं जरूर फिरा, फोटोसाठी गाडी पुळणीत मात्र उतरवू नका. फिरून आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्यानं धुण्यात अर्थ नाही. अंगाला घट्ट बसणारं प्लॅस्टिकचं कव्हर घालण्यापेक्षा छपराखाली मोकळी ठेवलेली बरी, कारण कव्हरखाली ओल कोंडते.

पत्रा जपायला आणखी एक कारण आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण सांगाडा आणि बॉडी मोठ्या फेरफाराविना मूळ रूपात हवी. शिवाय ॲम्बॅसिडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, फियाट-पद्मिनीचं तर त्याच्याही बरंच आधी. चांगला जुना मडगार्ड मिळवायला आता भंगारबाजार पालथे घालावे लागतात.

गंज काढून रंगवण्याचं हे काम हिवाळ्यात काढा. डिसेंबर-जानेवारीत हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, प्रायमर नीट सुकतो. मग मे महिन्यात, पावसाआधी, निदान हेडलाइटच्या रिंगा आणि नंबर प्लेट उघडून बघा. नंबर प्लेटमागे कोणी बघत नाही.