दुरुस्तीची विद्या

एखादी वस्तू बिघडली की ती टाकून द्यावी आणि तिच्या जागी नवी आणावी, अशी समजूत अलीकडे रूढ होत चालली आहे. ही समजूत योग्य नाही, असे माझे मत आहे. जुन्या रेडिओतील ध्वनिक्षेपकाचे, म्हणजेच स्पीकरचे, उदाहरण घेऊन मी ते स्पष्ट करतो.

स्पीकरच्या प्रचलित रचनेला १९२५ साली अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी व्यवहारोपयोगी रूप दिले. दोनच वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढे अशाच स्पीकरमधून आपल्याकडील अनेक घरांत बातम्या व गाणी ऐकू येऊ लागली.

स्पीकरची रचना मोठी सुबक असते. लोखंडी सांगाड्याच्या पाठीशी लोहचुंबक असतो आणि पुढे कागदाचा शंकू. शंकूच्या निमुळत्या टोकाशी तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. ते चुंबकाच्या अरुंद फटीत, कोठेही न घासता, मागेपुढे हलते. रेडिओकडून येणारा विद्युत्प्रवाह सतत बदलत असतो. त्याबरहुकूम वेटोळे व शंकू हलतात, शंकू हवेला हलवतो आणि आपल्या कानी ध्वनी पडतो.

परंतु कागद तो कागदच! दमट हवा, धूळ आणि झुरळे यांच्यामुळे तो जीर्ण होतो, फाटतो. मग आवाजही चिरका येतो. सांगाडा व चुंबक मात्र बहुधा शाबूत असतात. छपराचे एक कौल फुटले म्हणून कोणी घर सोडतो काय?

कुशल कारागीर प्रथम बिघाड पारखतो. लहानशी चीर असेल, तर तो पातळ कागदाचे ठिगळ लावतो. वेटोळेच तुटले असेल, तर वेटोळ्यासह नवा शंकू बसवतो. त्यापूर्वी तो फट स्वच्छ करतो. लोखंडाचा एक कण राहिला तरी आवाज खरखरतो. नंतर सारख्या जाडीच्या कागदी पट्ट्या खोचून तो वेटोळे फटीच्या बरोबर मध्यावर आणतो, कडांना सरस लावतो आणि सरस पुरता वाळल्यावरच पट्ट्या काढतो. येथे उतावळेपणा कामाचा नाही.

कोणी म्हणेल, "नवा स्पीकर मिळत असता हा खटाटोप कशाला?" १९३० नंतरच्या काळातील अनेक रेडिओंत तारेच्या गुंडाळीतून वीज खेळवून चुंबक तयार केलेला असे. रेडिओला मिळणारा प्रवाह स्थिर करण्याचे कामही तीच गुंडाळी करी. ती काढून नुसता नवा स्पीकर जोडला, तर सबंध रेडिओच मुका होतो! जुन्या भागाकडे कोणकोणती कामे होती, हे जाणल्यावाचून तो टाकणे शहाणपणाचे नाही.

मुलांनो, जुन्या रेडिओत वीज बंद केल्यावरही काही वेळ धोकादायक विद्युत्‌भार राहू शकतो. म्हणून जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून तो उघडू नका. त्याचे काम मात्र जवळ बसून अवश्य पाहा.

सर्वच वस्तू दुरुस्त होतात, असे नाही. तरी टाकण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे ते पाहावे आणि बिघडले असेल तेवढेच बदलावे. दुरुस्तीला आणणारे उरले नाहीत, तर दुरुस्त करणारेही उरणार नाहीत. आणि त्यांच्या हातातील विद्या एकदा गेली, तर ती कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही.