प्रबळ संघ आणि नियमांतील फेरफार

एखादा संघ अजिंक्य ठरू लागला, की लीगचे कारभारी नियमांत फेरफार करून त्याचे पंख छाटतात, अशी तक्रार उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक आइस हॉकीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचा सर्वांत प्रसिद्ध दाखला मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाचा. किरकोळ अपराधाबद्दल दोन मिनिटे बाहेर बसविलेल्या खेळाडूस, प्रतिपक्षाने त्या अवधीत कितीही गोल केले तरी, मुदत पुरी भोगल्यावाचून परतण्याची मुभा त्या काळी नसे. आणि ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बॉस्टनचे दोन गडी एकाच वेळी बाहेर असताना जाँ बेलिव्हो या मॉन्ट्रियलच्या खेळाडूने अवघ्या ४४ सेकंदांत तीन गोल नोंदविले. पुढल्या हंगामापासून एक गोल होताच अशी शिक्षा संपुष्टात यावी, असे ठरले. लीगमधील सहा संघांपैकी एकट्या मॉन्ट्रियलने या ठरावास विरोध केला.

निमित्त मॉन्ट्रियलचे होते, हे निर्विवाद. तरीही या बदलास मी अन्याय म्हणणार नाही. काठी अडकविण्यासारख्या क्षुल्लक आगळिकीबद्दल सामनाच हातचा जावा, हे प्रमाण मुळातच विपरीत होते, आणि ते उघडकीस आणण्याइतके कौशल्य त्या संघापाशी होते, एवढेच. शिवाय गंभीर अपराधाची पाच मिनिटांची शिक्षा पूर्ववत राहिली, आणि नव्या सवलतीचा लाभ मॉन्ट्रियलच्या अपराधी खेळाडूंनाही तितकाच मिळाला. त्यानंतरही स्टॅन्ली चषक त्यांनी १९६० पर्यंत एकदाही हातचा जाऊ दिला नाही.

१९८५चा बदल मात्र मला सर्वस्वी निराळ्या जातीचा वाटतो. दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू एकाच वेळी शिक्षेस पात्र ठरला म्हणजे पूर्वी उभय संघ चार-चार गड्यांनिशी खेळत, आणि त्या मोकळ्या झालेल्या बर्फावर वेन ग्रेट्झ्की, यारी कुर्री व पॉल कॉफी या एडमंटनच्या खेळाडूंची गती व दृष्टी अशी काही फुलून येई, की प्रतिपक्षास त्यांना आवरणे अशक्य होई. लीगने अशा वेळी बदली खेळाडू उतरविण्याची तरतूद करून ती मोकळीकच नाहीशी केली. येथे कोणत्या शिक्षेचे प्रमाण बिघडले होते? दोन्ही पक्षांस समान संधी असतानाही, एक पक्ष तिचा अधिक सुंदर उपयोग करतो, एवढाच काय तो दोष होता.

एडमंटनने त्यानंतरही १९८७, १९८८ व १९९० साली चषक जिंकला, म्हणून त्यांचे काही बिघडले नाही, असा युक्तिवाद केला जातो. परंतु नुकसान केवळ एडमंटनचे नव्हते. ज्या खुल्या, वेगवान खेळासाठी लोक तिकीट काढून येत, तोच सात हंगाम आखडला गेला, आणि १९९२ साली लीगला जुनी पद्धत पुन्हा बहाल करावी लागली.